टाचेचं रक्त

बाळ नुकतं कुठे अंगावर प्यायला लागलं होतं, तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्यांनी कालच्यासारखेच हात पुढे केले. "द्या ताई, काविळीच्या तपासणीसाठी टाचेचं रक्त घ्यायचंय."

प्रणिताने बाळाला आणखी घट्ट धरलं. काल तिने ते मुकाट्याने देऊन टाकलं होतं. बाळाला टोचताना आईला बघवत नाही, म्हणून तिला बाहेरच उभं करायचं, ही या वॉर्डाची पद्धत. बघवत नाही म्हणे! आणि बंद दाराबाहेर उभं राहून त्याचा टाहो ऐकवतो होय? वर सासूबाई म्हणाल्या, "रडू दे गं, रडल्यानं छाती मोकळी होते." बाळ हातात परत आलं तेव्हा लालबुंद झालं होतं आणि त्याचा आवाज बसला होता.

"इथेच टोचा," आज ती म्हणाली. "पीत असतानाच."

"अहो, असं कुठं असतं का? हललं म्हणजे?"

"पाय मी धरते. पण बाळ सोडणार नाही. काय करायचं ते करा."

कपाळाला आठ्या घालत सिस्टरनी सुई काढली. टाचेला टोचलं तसं बाळ दचकलं, क्षणभर ओढायचं थांबलं आणि पुन्हा चुटुचुटु प्यायला लागलं. थेंब थेंब करत नळी भरली, तरी रडणं म्हणून नाही.

सिस्टरचा चेहरा खुलला. "अगं बाई! आज किती शहाण्यासारखं वागलं हो बाळ!" म्हणत त्यांनी त्याच्या गालाला हात लावला.

प्रणिताने तो हात बाजूला सारला.

"कालही शहाणंच होतं ते."