खिडकीतला दहीभात

"आई, बंद घरातल्या आजी मला हात करतात," असं माझी चार वर्षांची सृष्टी दोनदा म्हणाली. मी तिच्यावरच ओरडले. कारण शेजारचा मुकुल त्याच्या आईला, कमलकाकूंना, पुण्याला घेऊन गेल्याला महिना झाला होता, तसं त्यानंच सांगितलं होतं आणि दाराला बाहेरून कुलूप होतं.

गल्लीतल्या बायकांनी पोरीची दृष्ट काढली अन् मला त्या घराच्या खिडकीत दहीभाताचा उतारा ठेवायला लावला. सकाळी बघते तर द्रोण रिकामा, वर धुऊन पालथा घातलेला!

झालं, माझ्या नवऱ्यानं, यज्ञेशनं, मित्रांना घेऊन भूत पकडायचा बेत आखला. रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर बॅटऱ्या, मोबाईलचे स्टँड, लिंबं, देवीचं कुंकू मांडून बसले सगळे. "वैनी, भूत कॅमेऱ्यात आलं की पहिला सेल्फी तुमचा!" म्हणून खिदळत होते. नंतर भांडण नको म्हणून यज्ञेशनं मुकुलला फोन लावला, कुलूप तोडू का विचारायला.


"तोडू नका हो," मुकुल स्पीकरवर म्हणाला, "आई बाहेर पडंल. तिला काही आठवत नाही, म्हणून तर महिन्याचं खाणं भरून आत ठेवलीय."


कुलूप मी दगडानं फोडलं. काकू जिवंत आहेत, दवाखान्यात आहेत. मुकुलचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा येतो.

तुमच्या शेजारच्या ज्या काकू "मुलाकडं गेल्या" असं तुम्ही ऐकलंय, त्यांना आजच फोन लावा. मुलाशी बोलून फोन ठेवू नका, त्यांचाच आवाज ऐका.