तब्येत

डॉक्टरांनी खडसावल्यावर आईने घरातलं तळण, लोणी, मांस सगळं बंद केलं. लेकाला कडधान्यं, भाज्या, फळं पोटभर वाढायची आणि त्याला सोबत म्हणून स्वतःही तेच खायची. तो वैतागला की म्हणायची, "घाई कसली ढब्ब्या? हळूहळू उतरेल." आणि खरंच, दोन-तीन वर्षांत तो सडपातळ झाला, तसाच राहिला. आईला मात्र त्याच काळात विसरायला होऊ लागलं.

आज तो जेवणाचं ताट घेऊन तिच्या खोलीत गेला, तर ती लगबगीने उठली.



"या, बसा ना. किती छान राखलीय हो तब्येत! काय खाता तुम्ही? आमच्या ढब्ब्याला सांगेन म्हणते. फार जाड आहे हो, जिवाला घोर लागलाय माझ्या."