सर्व्हरची खंडेनवमी

पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली: डिस्क सापडत नाही. लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ऐश्वर्याने कपाळावरचा घाम पुसला. मागे वळून बघायची तिची हिंमत होईना, कारण मागे लॅबमधल्या मदतनीस शांताबाई उभ्या होत्या, पूजेचं ताट हातात तसंच धरून. प्रसादाचे पेढेही अजून वाटले गेले नव्हते.

टेंभी नाक्याजवळची ही ट्रस्टची लॅब. इथे दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. मायक्रोस्कोप, रक्ताच्या नळ्या फिरवायचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ आणि पूजेपुरती विश्रांती. मागच्या खोलीतल्या जुन्या सर्व्हरला मात्र नुसतंच कुंकू मिळायचं. तो बंद करायची पद्धतच नव्हती. यंदा शांताबाईंना त्याची दया आली. बिचारा वर्षानुवर्षं एकसारखा घोंघावतोय, त्यालाही घटकाभर टेकू दे म्हणून त्यांनी बटन दाबलं, उदबत्ती ओवाळली आणि पुन्हा बटन दाबलं. पंखे जोरात घोंघावले. बाकी काही नाही.

लॅबचे सगळे रिपोर्ट त्या डब्यात. बॅकअप रोज व्हायचा, पण तोही त्याच डब्यातल्या दुसऱ्या डिस्कवर. बाहेर बाकावर बसलेले पेशंट एकेक करून काउंटरवर विचारायला येत होते. ट्रस्टचे सेक्रेटरी सामंत बूट न काढताच आत आले, काय झालं ते ऐकून घेतलं आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हे चालू झालं नाही, तर शांताबाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

शांताबाईंनी मान खाली घातली. विठ्ठलवाडीतलं त्यांचं घर या पगारावर चालतं, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, सामंतांनाही.

बटन दाबून काही बिघडलेलं नाही, हे ऐश्वर्याला पहिल्या मिनिटालाच कळलेलं. सर्व्हर इतका जुना, की कंपनीने त्याच्याबाबत कधीच हात झटकलेले. नवा घ्यायला ट्रस्ट तयार नाही, म्हणून तिनेच त्यावर फुकटातली लिनक्स सिस्टीम बसवलेली, आणि त्याबद्दल सामंतांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुकही केलेलं. गणपतीच्या आधी तिने त्या सिस्टीमचा नवा गाभा, म्हणजे कर्नलची नवी आवृत्ती, टाकला आणि जागा पुरेना म्हणून जुना पुसून टाकला. या नव्यात डिस्क जोडणाऱ्या जुन्या कार्डाची ओळखच ठेवलेली नाही, हे तिने वाचलं नाही. नवा गाभा लागू होतो तो मशीन पुन्हा चालू केल्यावरच; ते एकदा बंद करून चालू केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण हा डबा पुन्हा उठलाच नाही तर, या धास्तीने तिने ते केलंच नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावा!

आता उपाय एकच होता. जगात असली जुनी कार्डं जिवंत ठेवणारी काही वेडी माणसं आहेत. त्यांनी याच कार्डासाठी एक छोटी फाइल फुकट करून ठेवलेली. लॅबचं इंटरनेट त्याच सर्व्हरमधून यायचं, त्यामुळे तेही झोपलेलं, आणि बाहेर देवीच्या दर्शनाची ही गर्दी, त्यामुळे मोबाइलला नेटवर्क कुठलं मिळायला! फाइल निम्म्यावर यायची आणि अडकायची. ऐश्वर्या फोन घेऊन गच्चीवर गेली, टाकीवर चढली, एक हात वर करून उभी राहिली. शेवटी फाइल पूर्ण उतरली.

पेनड्राइव्हवरून ती फाइल चढली. एका पाठोपाठ एक ओळी पळाल्या. डिस्क सापडली. रिपोर्ट दिसले. काउंटरवरच्या मुलीने मोठ्ठा सुस्कारा टाकला.

"नशीब समजा," सामंत शांताबाईंना म्हणाले. "यापुढे त्याला हात लावायचा नाही."

शांताबाईंनी हात जोडले. ऐश्वर्या गप्प राहिली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण तिने ती फाइल सर्व्हरमध्येच कायमची बसवली, पेनड्राइव्ह उपसून पर्समध्ये टाकला आणि उभी राहिली.

"सर, शांताबाईंनी काहीच बिघडवलेलं नाही. बिघाड मी करून ठेवलेला, गणपतीच्या आधी. घाबरून मी हा बंदच केला नाही, म्हणून कुणाला कळला नाही." सामंत काही बोलायच्या आत ती वळली. "शांताबाई, बंद करा."

शांताबाईंनी आधी सामंतांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ताट टेबलावर ठेवून त्यांनी पदराला हात पुसला आणि बटन दाबलं. पंखे थांबले. बाहेरच्या लाउडस्पीकरवरची आरती एकदम खोलीत आली. शांताबाईंना कसलीच घाई नव्हती. त्यांनी सर्व्हरवरची माळ सरळ केली आणि आरती संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पुन्हा बटन दाबलं.

ओळी पळाल्या. डिस्क सापडली.

शांताबाईंनी ताट उचललं आणि पहिला पेढा सामंतांसमोर धरला. सामंतांनी बूट काढले आणि हात पुढे केला.