बंदोबस्त

व्हिएतनाममध्ये, ह्युएच्या राजसमाधीपाशी, चपलेतला खडा काढायला कुसुमताईंनी नवऱ्याचा हात सोडला आणि तेवढ्यात रंगनाथराव दिसेनासे झाले. हल्ली बायकोचंही नाव विसरणारा माणूस परक्या मुलखात कुणाला काय सांगणार? कुसुमताई गर्दीतून वाट काढत शोधत सुटल्या.

ते सापडले दगडी शिपायांच्या रांगेत, भर उन्हात, छाती पुढे काढून ताठ उभे. गाइड दंड धरून ओढत होता, पण निवृत्त पोलीस हवालदार तसूभर हलेना. “अहो, चला ना.” नजरसुद्धा वळली नाही.

उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या कुसुमताई खड्या आवाजात ओरडल्या, “हवालदार रंगनाथ टिळेकर, विश्राम!”

डावा पाय बाजूला पडला, हात पाठीमागे गेले. “साहेबांची गाडी गेली?”

“केव्हाच गेली.” कुसुमताईंनी त्यातला एक हात घट्ट धरला. “चला, ड्युटी सुटली.”