छापखान्यापासून चाळीस पावलं

डोळ्यांवरची पट्टी करकचून बांधली गेली आणि टेपसाहेबांना दरदरून घाम फुटला.

"फार घट्ट झाली का?" संघटनेच्या बाईंनी विचारलं.

"नाही, ठीक आहे."

ठीक काहीच नव्हतं. शहरातले रस्ते अपंगांना वापरता यावेत म्हणून सरकारनं निधी दिला होता, आणि देताना एक अट घातली होती. शेवटचा हप्ता सुटण्याआधी अभियंत्यानं डोळे बांधून ती वाट स्वतः चालायची, संघटनेच्या एका माणसासोबत. खिशात सदैव टेप बाळगणाऱ्या या अभियंत्याला सगळं खातं टेपसाहेब म्हणायचं. मिलिमीटरचा हिशेब ठेवणारा माणूस, पण एका ठिकाणी त्यांनीही डोळेझाक केली होती.

फूटपाथवरच्या अकरा चेंबरांपैकी दहांचीच झाकणं आली. अकराव्यावर त्यांनी प्लायवूड टाकून वर वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फरश्या चिकटवल्या. दिसायला झकास. खाली सव्वादोन मीटर खोल. तेही त्यांनीच टेप लावून मोजलं होतं. झाकण आलं की बसवू, असं आज-उद्या करता करता तपासणीचा दिवस उजाडला.

"हे बघा, तुमचे सोबती आले," बाई म्हणाल्या. "यांचं कोपर धरा, सोडू नका. मी पलीकडच्या टोकाला दवाखान्यापाशी थांबते." त्यांची स्कूटर लांब निघून गेली.

कोपर चांगलं भरदार होतं. काखेत काहीतरी दाबून धरलेलं होतं, कडक, धातूचं. टेपसाहेबांची बोटं त्याला लागली आणि त्यांनी ती झटकन आखडून घेतली.

"चला साहेब," आवाज भारदस्त होता. "रेघांच्या फरशीवर चालायचं, ठिपक्यांच्या फरशीवर थांबायचं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुम्हीच बसवल्यात."

"हो."

"आठ महिने कामाचे पत्रे ठोकलेले होते इथे, आज सकाळी काढले. म्हणून मुद्दाम मीच आलो. म्हटलं, ज्यानं वाट केली त्याच्याच सोबत पहिल्यांदा चालावं."

तो 'मुद्दाम' टेपसाहेबांच्या मनात रुतून बसला.

दोघं निघाले. सोबती हळूहळू, पाय दाबून टाकत होता. "डावीकडे न्हावी. आता शिंपी," तो सांगत होता. मग एकदम धाडकन आवाज झाला, घंटी किणकिणली आणि दोघंही अडखळले.

"कोणीतरी सायकल लावलीय वाटेत," सोबती गुडघा चोळत म्हणाला.

दिसत असून धडकला हा, टेपसाहेबांच्या मनात आलं. मला टोमणा मारायला.

"मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ उघड्या चेंबरमध्ये पडला," सोबती पुढे चालत म्हणाला. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा त्याचा सूर होता. "अजून पाय नीट टेकता येत नाही त्याला. झाकण कोणी नेलं, की बसवलंच नव्हतं, शेवटपर्यंत कळलं नाही."

टेपसाहेब पुटपुटले, "वाईट झालं."

"या वेळी झाकणं पक्की आहेत ना, साहेब?"

आत्ता सांगून टाकावं, असं त्यांना फार वाटलं. पण सांगितलं की नोकरी गेली, वर तुरुंग.

"आहेत की."

"मग कसली काळजी. तुमच्या शब्दावर चालायचं," असं म्हणून सोबती हसला.

ते हसणं ऐकून टेपसाहेबांची खात्रीच पटली. याला सगळं ठाऊक आहे. हा मला तिथवर नेणार, ऐन वेळी स्वतः बाजूला होणार आणि भावाचं उट्टं काढणार. मी पळालोच तर काखेत ते हत्यार आहेच.

छापखान्याच्या यंत्राची खडखड ऐकू आली. तिथून चाळिसाव्या पावलाला प्लायवूड होतं. टेपसाहेब मनात मोजू लागले. दहा. वीस. सोबत्याची चाल तसूभरही बदलली नाही.

तिसाव्या पावलाला त्यांचं डोकं भीतीनंच चालू लागलं. आपण मागे राहायचं. डोळस माणूस जाणूनबुजून खड्ड्यात पाय टाकणार नाही, हा थांबणारच. थांबला की विचारायचं, तुला माहीत होतं तर गप्प का बसलास? मग घाम त्याला फुटेल.

सदतिसाव्या पावलाला त्यांनी कोपर सोडलं आणि ते जागच्या जागी उभे राहिले.

पावलं पुढे गेली. अडतीस. एकोणचाळीस. थांब आता, ते मनात म्हणाले. थांब ना रे बाबा.

पावलं थांबली नाहीत. प्लायवूड करकरलं.

टेपसाहेबांनी पट्टी ओरबाडून काढली. सोबती तीन पावलं पुढे, चिकटवलेल्या फरश्यांच्या बरोबर मधोमध उभा होता. फरश्या आत कलू लागल्या होत्या. काखेतून चार घड्यांची पांढरी काठी निसटून पायाशी पडली होती, आणि त्याचा एक हात मागे, रिकाम्या हवेत चाचपडत होता.

"साहेब, हात का सोडलात?" समोरच्या भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला. "धरा बघू पुन्हा. आपल्या दोघांत दिसत तर कुणालाच नाही."