नावात उद्याची तारीख

फोटोच्या फाइलचं नाव कधीही खोटं बोलत नाही, असं विश्रामराव गंभीरपणे सांगत. हे ज्ञान त्यांना वर्तकनगरच्या घरी सोफ्यावर लोळत, गच्च भरलेल्या फोनमधले सुप्रभातचे गुलाब उडवताना झालं होतं. नावात ‘डब्ल्यूए’ असलं की तो नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कचरा. ‘डब्ल्यूए’ नसून नुसतं ‘आयएमजी’ आणि पुढे तारीख असली की फोटो आपल्याच कॅमेऱ्याचा.

आज गुलाबांखाली एक उघडं तोंड निघालं. बुरसटलेली पांढरी जीभ, दाढेवर त्यांचीच स्टीलची कॅप, जिभेवर तुळशीचं पान आणि पानावरून ओठाकडे निघालेली मुंग्यांची रांग. नाव ‘आयएमजी’. तारीख उद्याची.

“अगं, हे तू काढलंस?”

“शी! जेवायच्या वेळी काय दाखवता?” चित्राताईंनी तोंड फिरवलं. “आणि तुळस कुठली? आपली तर उन्हाळ्यातच वाळली.”

विश्रामरावांना हायसं वाटलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारची क्षिप्रा कुंडी घेऊन उभी होती.

“काकू, तुमची तुळस गेलेली ना, म्हणून आणली.”

कुंडीतल्या मुंग्या तिच्या मनगटावर चढत होत्या.

विश्रामरावांनी घाईघाईने फोटो डिलीट केला.

डिलीट केलेला फोटो फोनच्या कचरापेटीत महिनाभर राहतो.