साधीच गाठ

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं, की सुहासिनी उजव्या बरगडीखाली तळहात ठेवून विचारायची, "काय म्हणतेय गाठ?" आणि कातडीखाली बसवलेली शेंगदाण्याएवढी चिप गोड आवाजात सांगायची, "यकृतातली गाठ साधीच आहे. काळजी नसावी." चार वर्षं हेच चाललं होतं. अशा साध्या गाठीचा क्वचित कॅन्सर होतो, पण झालाच तर चिपला पहिल्याच दिवशी कळणार होतं.

आज नवऱ्याचं, श्रीरंगचं, घड्याळ ओट्यावर राहिलं होतं. चिप बोलून थांबली आणि त्याच गोड आवाजात घड्याळ म्हणालं, "घरच्यांसाठी निरोप. गाठीत कॅन्सरच्या पेशी, आठवा आठवडा. रुग्णाला सांगितलेलं नाही."

श्रीरंग आंघोळ करून आला तेव्हा तिने घड्याळ त्याच्यापुढे धरलं. "आठ आठवडे?"

"आपल्या केतकीचं लग्न पार पडू दे म्हटलं. तू हाय खाल्ली असतीस." मग त्याचा आवाज चढला. "आईच्या वेळी 'रुग्णाला सांगू नये' या पर्यायावर तूच बोट ठेवलं होतंस की!"

ठेवलं होतं. सासूबाई रोज आपल्या चिपला विचारायच्या आणि मग सुनेकडे बघायच्या. "खरं सांगतेय ना गं ही?" पोळपाटावरची नजर न काढता सुहासिनी म्हणायची, "तर काय!"

तिने पुन्हा बरगडीखाली हात ठेवला.

"गाठ साधीच आहे," चिप म्हणाली.

"खरं सांगतेय ना रे ही?" तिने श्रीरंगला विचारलं.

नजर खिळवायला त्याच्यापुढे पोळपाटही नव्हता.